चावडी नसलेले खेडे

‘जग आता एक खेडे झाले आहे’ हे वाक्य गेली तीस-पस्तीस वर्षे आपण व्याख्यानांतून, शालेय निबंधांतून आणि क्वचित प्रवचनांतूनही ऐकत आलो आहोत. आम्हीही ते वेदीवरून अनेकदा उच्चारले आहे, हे प्रारंभीच मान्य करतो. कॅनडातील विचारवंत मार्शल मॅक्लुहान यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. मॅक्लुहान तरुणपणी, १९३७ साली, कॅथलिक झाले होते आणि अखेरपर्यंत श्रद्धावान राहिले. त्यामुळे आपल्या वर्तुळात त्यांचे नाव थोड्या आपलेपणाने घेतले जाते. विद्युत् माध्यमांमुळे अंतर नाहीसे होईल आणि पृथ्वीवरील माणसे एखाद्या गावातल्यासारखी एकमेकांच्या सान्निध्यात येतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या गावात शांतता नांदेल असे मात्र ते कधीच म्हणाले नव्हते. ती भर नंतरच्या उत्साही मंडळींनी घातली.

खेडे म्हणजे काय हे ज्यांनी खेड्यात राहून पाहिलेले नाही त्यांना ही उपमा मोहक वाटते. आम्ही कळवण परिसरात राहतो. एका बाजूला सप्तशृंगीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला गिरणेचे खोरे, अभोण्याजवळ चणकापूरचे धरण, पश्चिमेकडे सुरगाण्याच्या दिशेने चढत जाणारे आदिवासी पाडे, आणि जिकडे पाहावे तिकडे कांद्याच्या चाळी. इथे उपमेतले नव्हे, खरोखरीचे खेडे आहे. तेव्हा जागतिकीकरणातील संपर्कमाध्यमांची भूमिका तपासायची असेल तर ती या खऱ्या खेड्याच्या उंबरठ्यावर उभे राहून तपासावी, असे आम्हाला वाटते. जगाच्या त्या खेड्यात आमच्या या खेड्याला जागा मिळाली काय आणि मिळाली असल्यास ती बोलणाऱ्याची की केवळ ऐकणाऱ्याची, एवढाच प्रश्न या लेखात आम्ही विचारणार आहोत.

जग दारी आले

महाराष्ट्रात दूरचित्रवाणी आली ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्राच्या रूपाने. आमच्या भागात तिची चित्रे पोहोचायला आणखी बरीच वर्षे लागली. तोवर आकाशवाणी होती. संध्याकाळचे बाजारभाव, हवामान, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम ऐकण्यासाठी एखाद्या ओट्यावर दहा-पंधरा माणसे जमत. पुढे दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ लागू लागले, तेव्हा ज्याच्या घरी संच असे त्याचे अंगण भरून जाई. ही माध्यमे सरकारी होती आणि एकतर्फीही होती. त्यांनी शेतकऱ्याला फार काही विचारले असे नाही. परंतु ती त्याच्याशी त्याच्या भाषेत, त्याच्या पिकाविषयी बोलत होती, आणि ऐकणारी माणसे एकत्र बसून ऐकत होती. बातमी संपली की तिच्यावर चर्चा होई. कोणी शंका काढी, कोणी थट्टा करी. बातमी अशा प्रकारे गावातल्या चार डोक्यांतून गाळून निघत असे.

मग १९९१ साल उजाडले. जानेवारीत आखाती युद्धाची दृश्ये अमेरिकेतील सीएनएन वाहिनीने थेट उपग्रहावरून दाखविली आणि महानगरांतील मोठ्या हॉटेलांतून ती भारतातही पाहिली गेली. २४ जुलै रोजी तत्कालीन अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी तो बहुचर्चित अर्थसंकल्प मांडला आणि देशाच्या बाजारपेठेची दारे उघडू लागली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टारच्या वाहिन्या भारतावर उतरल्या आणि पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी ही खाजगी हिंदी वाहिनी सुरू झाली. खुली बाजारपेठ आणि खुले आकाश ही दोन अपत्ये जवळजवळ एकाच वेळी जन्मली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. माल विकायचा तर मालाची इच्छा आधी पेरावी लागते आणि इच्छा पेरण्याचे पाभर म्हणजे पडदा. केबलची तार तालुक्याच्या गावी आली तेव्हा तिच्यातून प्रथम बातम्या आल्या नाहीत. आले ते साबण, शीतपेये आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत घडणाऱ्या मालिका.

या प्रवाहाला कायद्याचा काही बांध घालण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या एका खटल्यात असा निर्वाळा दिला की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा उपयोग लोकहितासाठी व्हायला हवा. तत्त्व उत्तम होते. सरकारची मक्तेदारी सैल झाली, परंतु तिची जागा घेतली ती ज्यांच्याजवळ भांडवल होते त्यांनी. लहरी लोकांच्या ठरल्या, लोकांचा आवाज मात्र त्या लहरींवर क्वचितच चढला.

भाव कळतो, बोल कळत नाही

आज आमच्या परिसरातील शेतकऱ्याच्या खिशात भ्रमणध्वनी असतो. लासलगावचा लिलाव कितीला सुटला, पिंपळगावला आवक किती, कोलंबोत मागणी कशी आहे, दुबईला पाकिस्तानचा कांदा किती उतरला, बांगलादेशाने सीमा उघडली की नाही, हे त्याला घटकेत कळते. एक काळ असा होता की व्यापारी सांगेल तोच भाव खरा. तो अंधार या यंत्राने मोडला. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु कळणे आणि ऐकले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर २०२३ मधील प्रसंग घ्या. केंद्र सरकारने ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद केली. आदेश निघाला आणि सकाळ होण्याआधी तो इथल्या वाड्यावस्त्यांवर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झळकला. लाल कांद्याचे ट्रॅक्टर बाजाराच्या वाटेवर होते. त्या दिवशी जिल्ह्यातील अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. दिल्लीचा निर्णय कळवणच्या शिवारात यायला काही तासही लागले नाहीत. कळवणच्या शिवारातले म्हणणे दिल्लीत पोहोचून बंदी उठायला मात्र ४ मे २०२४ उजाडावा लागला, आणि ती उठली तीही किमान निर्यात मूल्य व चाळीस टक्के शुल्क यांच्या अटींवर. एकाच तारेवरून जाणारा निरोप एका दिशेने विजेच्या वेगाने धावतो आणि दुसऱ्या दिशेने बैलगाडीच्या. हा दोष तारेचा नाही. तिच्या दोन टोकांना बसलेल्यांच्या बळातला तो फरक आहे.

राष्ट्रीय वाहिन्यांवरील कांद्याच्या बातम्या आम्ही बरीच वर्षे लक्षपूर्वक पाहत आलो आहोत. १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत कांद्याच्या भाववाढीने सत्तापालटाला हातभार लावला, तेव्हापासून या बातमीचा साचा ठरून गेला आहे. भाव चढले की महानगरातील भाजीबाजार, हातात पिशवी घेतलेली गृहिणी, डोळ्यांतल्या पाण्यावरचा तोच तो विनोद. भाव पडले, शेतकऱ्याने उभ्या पिकात नांगर घातला, की एखाद्या दिवशी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. खाणाऱ्याची अडचण हे ‘संकट’ आणि पिकविणाऱ्याची अडचण हे ‘दृश्य’. असे कोणी ठरवून करतो असे आम्ही म्हणत नाही. जाहिरातदाराला जो ग्राहक हवा असतो त्याच्या स्वयंपाकघरात कॅमेरा आपोआप जातो. ज्याच्या खरेदीला किंमत नाही त्याच्या दुःखालाही बातमीत किंमत राहत नाही.

पाय दिसले, तोंड दिसले नाही

आता आमच्याच भागाने देशाला दाखविलेल्या एका दृश्याकडे वळू. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. सुमारे १८० किलोमीटरची ही वाट होती. अखिल भारतीय किसान सभेने काढलेल्या या मोर्चात सुरगाणा, कळवण, दिंडोरी, पेठ या तालुक्यांतील आदिवासी स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने होते. मागण्या अनेक होत्या, पण इथल्या माणसांच्या दृष्टीने मुख्य मागणी वनजमिनीची होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने जी जमीन पिढ्यान् पिढ्या कसली ती नावावर व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पहिले काही दिवस बड्या वाहिन्यांना या मोर्चाचे फारसे भान नव्हते. कसारा घाट उतरून लाल टोप्यांची रांग ठाण्याकडे सरकू लागली, चालणाऱ्यांनी, वाटेवरच्या नागरिकांनी आणि काही मोजक्या वार्ताहरांनी काढलेली छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून फिरू लागली, तेव्हा कोठे कॅमेरे धावले. ११ मार्चच्या रात्री मोर्चेकरी शीवच्या मैदानावर होते. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची वाहतुकीत अडचण होऊ नये म्हणून ही दमलेली माणसे मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. मुंबईकरांनी वाटेत पाणी, जेवण, पादत्राणे दिली. महानगराच्या डोळ्यांत त्या रात्री काही क्षण खेड्याचे प्रतिबिंब पडले, आणि ते माध्यमांमुळे पडले. जागतिक खेड्याची कल्पना कधी खरी ठरली असेल तर ती त्या रात्री.

मग आमची तक्रार काय? तक्रार त्या छायाचित्रांविषयीच आहे. देशभर आणि देशाबाहेरही पोहोचलेली चित्रे बहुतांशी पायांची होती. भेगाळलेले, फोड आलेले, रक्ताळलेले पाय. एका वृद्धेचे सोललेले तळवे पाहून कोणाचे मन हलले नसेल? त्या चित्रांनी दया जागविली आणि दया ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ती वृद्धा काय म्हणत होती? तिच्या जमिनीचा दावा किती वर्षे कोणत्या कार्यालयात पडला होता? जितकी जमीन कसली त्यातली किती कागदावर मिळाली? हे प्रश्न चित्रात बसत नाहीत. त्यासाठी खाली बसावे लागते, तिची बोली समजून घ्यावी लागते, सातबारा पाहावा लागतो. पायांचे चित्र जगभर गेले, तोंडचा शब्द पाड्यावरच राहिला. दया करणारा आपल्या जागी उभा राहून दया करू शकतो. न्याय देण्यासाठी त्याला समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते.

१२ मार्च रोजी सरकारने लेखी आश्वासन दिले, वनदावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे ठरले, खास गाड्यांनी माणसे परत आली आणि कॅमेरेही परतले. आश्वासने पुरी झाली असती तर पुन्हा चालावे लागले नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये हीच माणसे पुन्हा निघाली. त्या वेळी पडदा पुलवामाच्या घटनेने व्यापला होता. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा मोर्चा निघाला, तो कांद्याच्या पडलेल्या भावाचा प्रश्नही बरोबर घेऊन. वाशिंदपर्यंत जाऊन तो परतला. २०१८ चे ते पाय ज्यांना आठवतात अशा किती जणांना हे दुसरे-तिसरे चालणे ठाऊक आहे? माध्यमांची स्मृती पहिल्या दृश्यापाशी थांबते. शेतकऱ्याचे चालणे थांबत नाही.

राईनपाडा

त्याच वर्षी, चार महिन्यांच्या आत, आमच्या शेजारी दुसरी घटना घडली. कळवणहून बागलाण ओलांडले की धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका लागतो. तेथील राईनपाडा या आदिवासी गावात १ जुलै २०१८ हा आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या सुमारास भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरले होते. बाजारात आलेल्या पाच भिक्षुकांवर संशय घेण्यात आला. जमावाने त्यांना मारीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. त्यांच्यापाशी मुले पळविल्याचा कसलाही पुरावा नव्हता.

या पाच जणांविषयी वाचताना एक विचार आमच्या मनातून जात नाही. डवरी गोसावी म्हणजे हातात डौर घेऊन, गाणे म्हणत दारोदार भिक्षा मागणारा समाज. वासुदेव, पांगुळ, गोंधळी, डवरी ही सारी आपल्या जुन्या समाजाची संपर्कमाध्यमेच होती. एका गावची कथा दुसऱ्या गावी तेच नेत. त्यांच्या तोंडून देवाचे नाव येई आणि चार गावांची खबरही येई. त्यांना कोणी पूर्ण ओळखीचे मानीत नसे, पण परकेही मानीत नसे. वर्षातून एकदा दारात उभा राहणारा तो चेहरा घराला ठाऊक असे. चेहऱ्यासहित येणारे ते माध्यम राईनपाड्यात चेहरा नसलेल्या माध्यमाच्या हातून मारले गेले.

तो संदेश कोठून आला होता? त्या वर्षी देशात फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांनी जागे व्हावे म्हणून तिथल्या एका संस्थेने ती मुद्दाम रचून चित्रित केली होती. कोणी तरी तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कापून टाकला आणि उरलेला तुकडा सीमा ओलांडून भारतात पसरला. राईनपाड्यात नेमका कोणता संदेश पोहोचला होता हा तपासाचा विषय. परंतु या चित्रफितीच्या प्रवासात जागतिकीकरणाचा सारा नकाशा उमटला आहे. चित्र कराचीचे, ते वाहून नेणारी कंपनी कॅलिफोर्नियाची, आणि भीती आपल्या पाड्यावरच्या आईची. त्या आईची भीती खोटी नव्हती. तिला मिळालेली बातमी खोटी होती. पुढे त्या कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही अशी मर्यादा घातली. म्हणजे ती मर्यादा आधीही घालता आली असती.

आता जागतिक खेड्याच्या उपमेकडे पुन्हा वळू. खऱ्या खेड्यातही अफवा उठते. खऱ्या खेड्यातही क्रौर्य असते. वेशीबाहेर ज्यांना ठेवले गेले त्यांना ते कोणी सांगायला नको आणि राईनपाडा हेही खेडेच होते. आम्हाला खेड्याचे गोडवे गायचे नाहीत. परंतु खेड्यात एक गोष्ट असे: चावडी. ज्याने बातमी आणली त्याला चावडीवर बोलावून ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारता येई. खोटे निघाले तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच पारावरून जावे लागे. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचे तोंड पाहावे लागे. जागतिक खेड्यात पिटणाऱ्या दवंड्या हजारो आहेत, पण चावडी नाही. तिथे दवंडी पिटणारा दिसत नाही, त्याला जाब विचारता येत नाही आणि ऐकणारा उत्तर देऊ लागला तर त्याच्यासाठी जागा ठेवलेली नाही. राईनपाड्याच्या लोकांनी आपली चावडी, म्हणजे ग्रामपंचायत, प्रश्न विचारण्यासाठी वापरली असती तर पाच माणसे जगली असती. ती त्यांनी वापरली मारण्यासाठी. बाहेरून आलेल्या बातमीपुढे त्यांचा स्वतःच्या चौकशीवरचा विश्वास इतका दुबळा कसा झाला, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांइतकाच आपलाही आहे.

ख्रिस्तसभेने काय म्हटले, आम्ही काय केले

बातम्यांच्या प्रवाहातील असमतोलाची चिकित्सा जगाने पूर्वीच केली होती. युनेस्कोने आयर्लंडचे शॉन मॅकब्राईड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९८० साली आपला अहवाल दिला. आपले ज्येष्ठ पत्रकार बी. जी. वर्गीस त्या आयोगाचे सदस्य होते. बातमी श्रीमंत राष्ट्रांकडून गरीब राष्ट्रांकडे वाहते, उलट वाहत नाही, हे त्या अहवालाने साधार मांडले. त्यावरून मोठे वादळ उठले. १९८४ अखेर अमेरिकेने युनेस्कोतून अंग काढून घेतले, त्यामागे हा वादही होता. आमचे एवढेच म्हणणे की अहवालाने राष्ट्रांमधील जो असमतोल दाखविला, तोच पुढे राष्ट्राच्या आत, दिल्ली आणि दळवटच्या दरम्यान, तसाच राहिला.

ख्रिस्तसभेची भूमिका पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्क साधनांविषयी ‘इंतेर मिरिफिका’ हा ठराव संमत केला. परिषदेच्या दस्तऐवजांत तो दुबळा समजला जातो आणि ते मत अन्याय्य नाही. यंत्रांचे कौतुक, त्यांच्या दुरुपयोगाचा इशारा आणि श्रद्धावंतांची कर्तव्ये याच्या पलीकडे तो फारसा जात नाही. परंतु त्याच दिवशी परिषदेने उपासनेविषयीचा ठरावही संमत केला. त्याने लोकभाषेला वेदीवर स्थान दिले आणि पुढील काही वर्षांत मिस्सा मराठीतून होऊ लागली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि लोक आपल्या भाषेत उत्तर देऊ लागले. आमच्या मते संपर्काविषयीचा परिषदेचा खरा दस्तऐवज हा दुसरा होता. संपर्क म्हणजे समोरच्याकडे तोंड करणे आणि त्याचे उत्तर ऐकणे, हे त्याने कृतीने शिकविले.

१९७१ च्या ‘कोम्युनिओ एत् प्रोग्रेसिओ’ या मार्गदर्शनात ही उणीव भरून निघाली. संपर्क म्हणजे विचार धाडणे एवढेच नसून प्रेमाने स्वतःला देणे होय, असे तेथे मांडले आहे, आणि ख्रिस्ताला परिपूर्ण संवादक म्हटले आहे. जो ज्यांच्याशी बोलला त्यांच्यातलाच एक झाला, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या परिस्थितीतून बोलला, असा त्याचा आशय आहे. या कसोटीवर सोळाव्या शतकात इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स उतरतात. सासष्टीच्या लोकांची भाषा शिकून त्यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झाले. १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक काढणारे जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग, जे पुढे पुण्याचे महागुरू झाले, तेही उतरतात. त्या मासिकाचे नाव किती नेमके आहे! निरोप्या निरोप घेऊन जातो आणि उत्तर घेऊन परत येतो. उत्तराविना परतला तर त्याचे काम अपुरे.

आणि आम्ही? १३ मे २०१८ हा जागतिक संपर्कमाध्यम दिन होता. त्या वर्षीचा पोप फ्रान्सिस यांचा संदेश खोट्या बातम्यांविषयी होता. पहिली खोटी बातमी एदेन बागेत सर्पाने पसरविली, हे त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आधारे दाखविले होते: सर्प स्त्रीच्या हिताची काळजी असल्याचा आव आणतो आणि अर्धसत्य सांगतो. मुले पळविणाऱ्या टोळीच्या संदेशाचे याहून अचूक वर्णन कोणते? राईनपाड्याला तेव्हा सात आठवडे अवकाश होता. त्या रविवारी स्वर्गारोहणाचा सण होता. आम्ही तो संदेश प्रवचनाच्या अखेरीस दोन वाक्यांत उरकला आणि निवेदनांकडे वळलो.

याहून एक गोष्ट मनाला अधिक लागून राहिली आहे. जूनच्या अखेरीस आमच्या ओळखीच्या एका मातेने मिस्सेनंतर आपला भ्रमणध्वनी पुढे करून तो संदेश आम्हाला दाखविला होता. तिच्या डोळ्यांत भीती होती. ‘फादर, हे खरं आहे का?’ असे तिने विचारले. आम्ही घाईत होतो. ‘मुलांना सांभाळून राहा,’ एवढे म्हणून आम्ही पुढे गेलो. तिने खरेखोटे विचारले होते आणि आम्ही तिला सावधगिरीचा सल्ला दिला. आमच्या त्या उत्तराने संदेश खरा ठरला. तिने तो पुढे पाठविला की नाही, ठाऊक नाही. विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. ‘माध्यमांनी असे करावे, तसे करू नये’ असे लिहायला लेखणी उचलली की ती माता आमच्यासमोर उभी राहते. तिने आम्हाला चावडी समजून विचारले होते.

मग करावे काय?

कोणी म्हणेल, की हे यंत्रच घातक आहे. आम्हाला ते मान्य नाही. मार्चमध्ये ज्या भ्रमणध्वनीने मोर्चाची हाक मुंबईला पोहोचविली तोच जुलैमध्ये मृत्यूचे कारण झाला, आणि म्हणूनच दोष केवळ यंत्रावर टाकता येत नाही. शिवाय वेगळी वाट चालणारेही आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे डिजिटल दालन मराठीसह अनेक भाषांतून खेड्यातील माणसाला त्याच्या शब्दांत बोलू देते. २०१८ च्या मोर्चात त्यांची माणसे मोर्चेकऱ्यांबरोबर पायी चालली होती. माण तालुक्यातील म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, जिथे त्या परिसरातील माणसे स्वतःच बोलतात आणि स्वतःच ऐकतात. या प्रयत्नांचा आवाका लहान आहे, हे खरे. परंतु संपर्काचे मोल आवाक्यावर ठरत नाही. तसे असते तर बाबेलचा बुरूज सर्वांत थोर माध्यम ठरला असता. तिथे एकच भाषा होती आणि ती सर्वांना मान्य करावी लागत होती. पेन्टेकॉस्टच्या दिवशी मात्र ज्याने त्याने आपापल्या भाषेत ऐकले. जागतिकीकरण बाबेलच्या दिशेने जाईल की पेन्टेकॉस्टच्या, हे अद्याप ठरायचे आहे आणि ते ठरविण्यात आपला वाटा आहे.

तो वाटा आपल्या आवाक्यातला असावा. वाचकहो, मोठ्या वाहिन्या आपल्या सांगण्याने सुधारणार नाहीत. कॅलिफोर्नियाची कंपनी आपल्या पत्राला उत्तर देणार नाही. परंतु आपल्या प्रत्येक धर्मग्रामात दर रविवारी माणसे एकत्र येतात, चेहरे समोरासमोर असतात, हे भाग्य आज फार थोड्यांना लाभते. महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास आपण थांबू शकतो. त्या महिन्यात ज्या बातमीने आपल्याला घाबरविले, संतापविले किंवा कोणाच्या तरी विरुद्ध उभे केले, अशी एक बातमी सर्वांनी मिळून वाचावी आणि तीनच प्रश्न विचारावेत: हे कोणी सांगितले? ते आपण मानले तर कोणाचा लाभ आहे? आणि यात कोणाचे म्हणणे आलेले नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की शक्य असेल तर त्या माणसाकडे जाऊन ते म्हणणे ऐकून यावे. पाड्यावरचा शेतकरी, बाजारातला भिक्षुक, दुसऱ्या धर्माचा शेजारी, कोणीही असो.

हे त्रैमासिकही या कसोटीतून सुटत नाही. त्याची पाने आमच्यासारख्यांच्या लेखांनी भरतात. ज्यांच्याविषयी आम्ही लिहितो ते स्वतः त्यात क्वचितच लिहितात. संपादकांना आमची विनंती आहे की प्रत्येक अंकातील काही पाने अशा माणसांच्या तोंडच्या शब्दांसाठी राखावीत, मग ते शब्द कोकणा बोलीतले का असेनात. ते वाचायला अडखळायला झाले तरी हरकत नाही. आजवर आमची भाषा त्यांनी अशीच अडखळत ऐकून घेतली आहे.

आणि मिस्सेनंतर कोणी भ्रमणध्वनी पुढे करून ‘हे खरं आहे का?’ असे विचारले, तर यापुढे आम्ही थांबणार आहोत. उत्तर ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, आपण मिळून विचारू’ असे सांगणार आहोत. त्या मातेला देण्याचे राहून गेलेले उत्तर तेच होते.